पुण्याची इंग्रजी शाळा आणि मराठी गद्याचे व्याकरण

अर्वाचीन मराठी गद्य इंग्रजीच्या संपर्कातून घडले, हे विधान आपण इतक्या वेळा करतो की तो संपर्क कोणत्या वास्तूत, कोणत्या व्यवस्थेत घडला याची चौकशी करण्याची गरज भासत नाही. प्रस्तुत लेखात पुण्याच्या विश्रामबागवाड्यातील शिक्षणसंस्थेच्या आधारे ही चौकशी करावयाची आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर १८२१ मध्ये या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिच्या खर्चासाठी दक्षिणेच्या निधीचा एक भाग वळविण्यात आला होता. पुढे पुण्यात सरकारी इंग्रजी शाळाही निघाली. १८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र करून 'पूना कॉलेज' स्थापण्यात आले आणि मेजर कँडी त्याचे प्रमुख झाले. १८६४ मध्ये महाविद्यालयाला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले व १८६८ मध्ये ते येरवड्याच्या वास्तूत गेले.

इंग्लंडातील 'ग्रामर स्कूल' या संज्ञेतील व्याकरण मुळात लॅटिनचे होते. पुण्यात लॅटिनची जागा संस्कृतने घेतली आणि तिच्या शेजारी इंग्रजी येऊन बसली. मराठी मात्र या दोहोंच्या मध्ये, भाषांतराची भाषा म्हणून उभी राहिली. वरवर पाहता हे स्थान गौण वाटते. परंतु दोन शिस्तबद्ध व्याकरणांच्या कात्रीत सापडल्यामुळेच मराठी वाक्यरचनेकडे चिकित्सक दृष्टीने पाहणे शक्य झाले. मोल्सवर्थांच्या कोशकार्यात सहभागी असलेल्या कँडींनी विरामचिन्हांचा आग्रह धरला. पाठशाळेत शास्त्राध्ययन करून नंतर इंग्रजी शिकलेल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकीकडे 'अनेकविद्या मूलतत्त्वसंग्रह' सिद्ध केला, तर दुसरीकडे मराठी व्याकरणावर निबंध लिहिले. जॉन्सनच्या 'रासेलस'चे त्यांनी हाती घेतलेले भाषांतर त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी पुरे केले, ही घटना या दृष्टीने सूचक आहे. संस्थेने दिलेला वारसा येथे घराण्याचा वारसा झाला.

विष्णुशास्त्री पूना हायस्कुलात शिक्षक असतानाच १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू झाली. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये टिळक, नामजोशी यांच्या सहकार्याने न्यू इंग्लिश स्कूल काढले. स्वभाषाभिमानी निबंधकाराने स्वतःच्या शाळेच्या नावात 'इंग्लिश' हा शब्द ठेवावा यात वरवर विसंगती दिसते. त्यांचा विरोध इंग्रजी विद्येला नव्हता, तर तिच्यावरील परकीय नियंत्रणाला होता, हे लक्षात घेतले की ती विसंगती उरत नाही.

येथवरची मांडणी परंपरेला मानवणारी आहे. मात्र ती अपुरी आहे. जोतीराव फुले हेही इंग्रजी शिकले, पण ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. विश्रामबागवाड्यातील पाठशाळा ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. १८४८ मध्ये त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. 'निबंधमाले'ने त्यांच्या लेखनावर टीका करताना त्यांच्या भाषेच्या शुद्धतेचीही थट्टा केली. ज्या व्याकरणाने मराठी गद्याला शिस्त दिली, तेच येथे दारावरील पहारेकरी झाले. युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी लेखकाची विभक्ती तपासली गेली.

म्हणून मराठी गद्याचा उगम एकाच वाड्यात शोधणे इतिहासदृष्ट्या सदोष ठरते. एकाच शहरात, इंग्रजीच्याच संपर्कातून, दोन गद्ये जन्माला आली: एक शास्त्रीपरंपरेच्या संस्कारातून, दुसरे तिच्या बाहेरून. आपल्या अभ्यासक्रमांनी पहिल्याला दीर्घकाळ 'प्रमाण' मानले व दुसऱ्याला 'चळवळीचे लेखन' म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवले. विश्रामबागवाड्यात आज ती शाळा नाही. परंतु उत्तरपत्रिका तपासताना आशयाआधी शुद्धलेखनाखाली रेघ ओढणारा आपला हात तेथेच वळण गिरवून आला आहे, याचे भान अध्यापकाने ठेवणे आवश्यक आहे.