पाचोळ्याचं गणित येणाऱ्या मुलांसाठी

जोयडा तालुक्यातल्या शेतकरी घरांना पाचोळ्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. गोठ्यात अंथरलेली पानं शेणा-मुतात भिजतात, कुजतात आणि पावसाच्या तोंडावर खत होऊन शेतात जातात. तीच पानं कोरडी मातीत गाडली तर मात्र रोप पिवळं पडतं. पानांत कार्बन भरपूर, नायट्रोजन थोडा. मग कुजवणारे जिवाणू उरलेला नायट्रोजन मातीतून, म्हणजे रोपाच्या तोंडचा, उचलतात.

हा हिशेब संगणकावर मांडणं हे आज एक पूर्ण वेळेचं करिअर आहे.

त्याचा पाया थंड मुलखात घातला गेला. इंग्लंडमधल्या रोथामस्टेड इथे 1843 पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथल्या नोंदींवरून ‘रोथ-सी’ हे मॉडेल तयार झालं. तिथल्या सरासरी तापमानाला, साधारण 9.3 अंशांना, त्यात कुजण्याचा वेग 1 धरला आहे. त्याच सूत्रात 25 अंश घातले की उत्तर येतं 3.8! शिवाय हे मॉडेल पाण्याखालच्या मातीसाठी बनवलेलंच नाही. जोयड्याची तर जांभी माती, धो धो पाऊस आणि तुडुंब भरलेली भातखाचरं. म्हणजे इथलं बरंचसं काम अजून व्हायचं आहे, आणि ही माती पायाखाली घेऊन वाढलेल्या मुलांना ते अधिक चांगलं जमेल.

आपल्याकडेही मोठ्या मुदतीच्या नोंदी आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग 1970 मध्ये सुरू झाले. बंगळूर, अकोला, परभणी ही त्यातली केंद्रं. हिमाचलातल्या थंड पालमपूरला वर्षानुवर्षं फक्त नायट्रोजन दिलेल्या तुकड्यात माती इतकी आंबट झाली, की पीक जवळपास येईनासं झालं.

“माती शिकून पोरगा खाणार काय?” ही पालकांची काळजी रास्त आहे. वाट लांब आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. बारावीनंतर बी.एस्सी. कृषीची चार वर्षं, मग मृदाशास्त्रात एम.एस्सी.ची दोन, आणि संशोधन करायचं तर पीएच.डी. धारवाडचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, त्याचंच वनविद्या महाविद्यालय शिरसीत. कर्नाटकात प्रवेश सीईटीतून होतो आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागाही असतात. पुढे कृषी विद्यापीठं, भोपाळची भारतीय मृदा विज्ञान संस्था, माती परीक्षण प्रयोगशाळा, कार्बन क्रेडिट मोजणाऱ्या कंपन्या.

बारावीला जीवशास्त्र घ्यावंच, पण गणित सोडू नये. मुलं नेमकी इथेच चुकतात; मॉडेल बांधायला समीकरणं लागतात, आर किंवा पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहावा लागतो.

आवड खरी आहे का, हे घरीच तपासता येतं. नायलॉनच्या जाळीच्या सहा पिशव्यांत प्रत्येकी 20 ग्रॅम वाळकी पानं भरावीत, वीतभर खोल पुराव्यात. दर महिन्याला एक काढून, माती झटकून, वाळवून तोलावी आणि वजन वहीत लिहावं. सहा महिने मुलाने स्वतःहून ही वही भरली, तर पालकांनी त्याला नि:शंकपणे या वाटेने जाऊ द्यावं.