गोल नाही, तरी पहिल्या अकरात?

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या हॉकी संघात राइट विंगला खेळते. यंदाच्या जिल्हास्तरीय सामन्यांत तिचा एकही गोल नाही, तरी सर तिला दर वेळी पहिल्या अकरात उतरवतात. फॉरवर्डचं काम गोल करणं नाही का? मग तिचा खेळ जोखायचा कशावरून?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी पॅरिस ऑलिंपिकचा हिशेब पाहा. २०२४ साली भारताने तिथे कांस्यपदक मिळवलं, एकूण १५ गोल केले. त्यांतले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे, आणि तो बचावपटू! संघातल्या पाच फॉरवर्डच्या नावावर मिळून चारच गोल लागले. स्पेनविरुद्धच्या पदकाच्या सामन्यात आपण २-१ जिंकलो, ते दोन्ही गोल हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवर मारले. पण पेनल्टी कॉर्नर फुकट मिळत नाही. कुणीतरी चेंडू घेऊन डीमध्ये घुसावं लागतं, बचावपटूच्या पायाला चेंडू लागेल किंवा तो चुकीचा टॅकल करेल अशी वेळ त्याच्यावर आणावी लागते. बहुतेक वेळा हे काम फॉरवर्डचं असतं, आणि धावफलकावर त्याची नोंद नसते.

तुमच्या मुलीची जागा राइट विंगची आहे, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची. हॉकीत स्टिकच्या सपाट बाजूनेच चेंडू खेळता येतो आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. त्यामुळे उजव्या बाजूने धावणारी मुलगी वेग न मोडता डीमध्ये क्रॉस टाकू शकते. डावीकडच्या फॉरवर्डला त्यासाठी वळावं लागतं, नाहीतर रिव्हर्स वापरावा लागतो. म्हणून चांगल्या राइट विंगकडून प्रशिक्षक सर्वांत आधी मागतात तो क्रॉस. तो गोलजाळ्यात ढकलणार सेंटर फॉरवर्ड, नाहीतर दूरच्या खांबाशी उभी असलेली लेफ्ट विंग. गोल त्यांच्या नावावर लागणार, हे उघड आहे.

चेंडू जवळ नसतानाही काम असतंच. नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियम गेला. तेव्हापासून फॉरवर्ड पुढे थांबली की बचावातली एखादी तरी तिच्याजवळ अडकून पडते आणि मधल्या फळीला जागा मिळते. चेंडू गेला, की तीच फॉरवर्ड पहिली बचावपटू. तिने कोन साधून धाव घेतली, तर समोरच्या संघाला एका बाजूने बाहेर पडताच येत नाही.

आपल्या खडकीच्या धनराज पिल्ले यांचंच पाहा. ३३९ आंतरराष्ट्रीय सामने, चार ऑलिंपिक, चार विश्वचषक. १९९८च्या बँकॉक एशियाडमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताला ३२ वर्षांनी सुवर्ण मिळालं. आणि इतक्या मोठ्या फॉरवर्डच्या गोलांची अधिकृत मोजणी महासंघाने ठेवलीच नाही! १७०च्या आसपास, असा अंदाज सांगतात. मला याचं फार वाईट वाटतं. पण ज्यांनी त्यांना धावताना पाहिलं, त्यांना त्या आकड्यावाचून काही अडलं नाही.

याचा अर्थ गोल दुय्यम असा मुळीच नाही. डीमध्ये मोकळी संधी असताना ती फटका टाळत असेल, ट्रॅप वारंवार सुटत असेल, चेंडू गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहत असेल, तर सरांशी जरूर बोला. ते दोष आहेत आणि सरावाने जातात.

पुढच्या सामन्यात एक पूर्ण सत्र चेंडूकडे न पाहता फक्त तिच्याकडे पाहा. वही घेऊन बसा : किती क्रॉस डीत पोचले, किती पेनल्टी कॉर्नर मिळवले, किती वेळा चेंडू परत हिसकावला. हे आकडे चांगले असतील, तर तिला पहिल्या अकरात ठेवण्याचा सरांचा निर्णय अगदी योग्य आहे. आणि घरी आल्यावर ‘गोल किती?’ हा प्रश्न काही दिवस तरी विचारू नका.