‘वारं गेलं’ म्हणून सकाळची वाट पाहू नका

संध्याकाळी गोठ्यात धार काढताना साठीच्या एका शेतकऱ्याच्या हातून चरवी निसटली. तोंड वाकडे झाले, बोलणे बोबडे येऊ लागले. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून घरच्यांनी तेल चोळले, कांदा हुंगवला आणि ‘सकाळी बघू’ असे ठरवले. माझ्याकडे आणले तेव्हा चौदा तास उलटले होते. आज ते काठी घेऊन चालतात. उजवा हात मात्र कामाचा राहिला नाही.

पक्षाघातात बिघाड हातापायात नसतो, मेंदूत असतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तेथील पेशी मिनिटागणिक मरू लागतात. तेल चोळून त्या वाचत नाहीत.

ओळखायचे कसे? रुग्णाला हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात समोर उचलायला सांगा; एक खाली येतो का? साधे वाक्य बोलायला सांगा. जीभ अडखळते का? यांपैकी एकही खूण अचानक दिसली, तर १०८ क्रमांकावर फोन करा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. जितके लवकर, तितका गुण अधिक. वेळ टळली तरी रुग्णालयात न्यावेच. काही रुग्णांची गुठळी मोठ्या रुग्णालयात नळीवाटे नंतरही काढता येते.

घरी ॲस्पिरिन देऊ नये. रक्तवाहिनी फुटली असेल तर रक्तस्राव वाढेल. पाणी किंवा चहाही पाजू नये; घास-घोट श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. रुग्ण गुंगीत असेल तर कुशीवर निजवावे. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली, तरी निर्धास्त राहू नये. ती मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते.

त्या शेतकऱ्याचा रक्तदाब १९०/११० होता. ‘बरं वाटतंय’ म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी गोळी बंद केली होती. बरे वाटत होते ते गोळीमुळे! रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही; तो मोजल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांना विचारल्याखेरीज गोळी थांबवू नका.

मीठ दिवसाला एका लहान चमच्याहून कमी, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवा. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही त्यातच मोजा. विडी, तंबाखू, मिश्री सोडा. मधुमेह ताब्यात ठेवा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. पक्षाघात होऊन गेला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायामोपचार लवकर सुरू करा आणि चिकाटीने चालू ठेवा.

तिशी उलटलेल्या प्रत्येकाने या आठवड्यात रक्तदाब मोजून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला पैसे पडत नाहीत.