नववीच्या आधी गावाला जाताना

मेचा शेवटचा आठवडा लागला की दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. मुलगा किंवा मुलगी नववीत जाणार असते, शाळा जूनच्या मध्यावर उघडायची असते आणि तेवढ्यात घरच्यांना सगळं उरकायचं असतं: कुलदैवत, आजोळ, जमलं तर मालवण. ‘‘एकदा नववी लागली की दहावी होईपर्यंत कुठे निघणं होतंय, डॉक्टर?’’ असं म्हणत आई गाडी लागण्याच्या गोळ्या लिहून मागते. मी देते. पण या पंधरवड्यात मला काळजी असते ती मुलांच्या झोपेची, आणि तिच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

वयात येताना शरीरातलं घड्याळ खरोखरच उशिरा धावू लागतं. झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा पाझरतं. दहाला दिवा घालवून सक्तीनं झोपवलेला मुलगा टक्क जागा असतो, तो नाटक करत नसतो. 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोप लागते. सुट्टीत दोनला झोपून अकराला उठणारं पोर ती भरूनही काढतं. सकाळी सातच्या शाळेशी मात्र त्याचं गणित जुळत नाही. राज्य सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, तेही चौथीपर्यंतचेच. ज्यांचं घड्याळ निसर्गानंच उशिराचं केलंय, ती थोरली मुलं अनेक शाळांत अजून सातलाच बाकावर. मला हे उफराटं वाटतं.

शाळेची वेळ आपल्या हातात नाही, सहल आहे. पोराला लवकर झोपवण्याच्या मागे लागू नका, लवकर उठवा. रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे. उठल्यावर लगेच त्याला बाहेर काढा, कारण सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप हळूहळू अलीकडे येते. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे अवघड; गावाला पडवीत चहा प्यायला बसवलं तरी भागतं. विहिरीवर, काजूच्या बागेत, करवंदं काढायला, कुठेही न्या. दोन-अडीच तासांचा फरक मोडायला आठवडा-दीड आठवडा सहज जातो. त्यामुळे शाळेच्या आदल्या रात्रीच्या बसचं परतीचं तिकीट काढू नका. शाळेआधी तीन-चार दिवस घरी या. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि हा नियम बाबांनाही.

दुसरी एक चिठ्ठी मुलीला बाहेर बसवून, हळू आवाजात मागितली जाते: दर्शनाच्या दिवशी अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी. तेरा-चौदाच्या मुलीला या कारणासाठी ती मी देत नाही. ही गोळी पाळीच्या अपेक्षित तारखेआधी साधारण तीन दिवस सुरू करावी लागते. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं तारीखच पक्की नसते, मग मोजायचं कुठून? गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, म्हणजे नेमकी शाळेच्या पहिल्या आठवड्यात येऊ शकते. मळमळ, डोकेदुखी होते ती वेगळीच. घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल, किंवा मुलीला अर्धशिशी असेल, तर औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली ही गोळी धोक्याची. देवळात जावं की नाही हे घरात ठरवा. त्यात मुलीलाही विचारा, कारण बहुतेक वेळा तिचं मत कुणी घेतलेलंच नसतं. पिशवीत पॅड, जुनी वर्तमानपत्रं, जादा कपडे आणि डॉक्टरांनी सांगितलेली पोटदुखीची गोळी असू द्या.

याच मुली प्रवासात पाणी पीत नाहीत. वाटेतली स्वच्छतागृहं घाण असतात म्हणून सकाळपासून घोटभरही नाही, लघवी आवरून धरायची, आणि घरी आल्यावर जळजळ. दर दोन-अडीच तासांनी बऱ्यापैकी हॉटेल पाहून गाडी थांबवा, न मागता थांबवा. विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात आणि फिरणंही त्याच उन्हात होतं, तिथे तर पाण्याकडे दुर्लक्ष नकोच. घाम फार गेला, जुलाब झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. कोकम सरबत चवीला उत्तम, पण जुलाबात त्याची जागा याच्या नंतर.

घाटात गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा, नजर रस्त्यावर, हातात मोबाइल नको. पोट रिकामंही नको आणि मिसळीनं भरलेलंही नको. गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते. ताम्हिणीत पहिली उलटी झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

गडावर चढताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तिथे दाबलं की कळ येते, अशी तक्रार या वयातली मुलं करतात. उंची झपाट्यानं वाढत असताना तिथल्या हाडावर ताण येतो. आजार गंभीर नाही, पण दुखत असताना ‘मावळ्यांना दुखत नव्हतं’ वगैरे ऐकवू नका. रायगडाला रोपवे आहे.

पाण्याबद्दल मी कडक आहे. मेच्या अखेरीस मालवणच्या होड्या बंद होतात; तिथे जास्त पैसे देऊन कुणाला गळ घालू नका. पहिल्या पावसानंतर धबधब्याच्या प्रवाहात उतरायचं नाही, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी. जून 2024 मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एका कुटुंबातली पाच माणसं काही क्षणांत वाहून गेली. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही. आणि चौदा वर्षांचा मुलगा चुलत भावंडांसमोर काय करील याचा नेम नसतो, म्हणून पोहता येतं हे उत्तर चालणार नाही.

परत आल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मूल कोकणात होतं, शेतात किंवा साचलेल्या पाण्यात अनवाणी फिरलं. लेप्टोस्पायरोसिस अशा पाण्यातून होतो आणि वेळेत ओळखला तर साध्या अँटिबायोटिकनं बरा होतो. हा ताप नेमका शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि घरी त्याला शाळा चुकवण्याचं निमित्त समजतात.