पंपिंग तीस टक्के

काल रात्री फोनवर तू रडत म्हणालीस, "ताई, आधी मेंदूत रक्तस्राव आणि आता वर हार्ट अटॅक!" घाईत मला नीट सांगता आलं नाही. ये, आता जरा जवळ बस.

सासूबाईंना आलाय तो नेहमीचा अटॅक नव्हे गं. डोक्याच्या अँजिओबरोबर हृदयाचीही केली ना? ब्लॉकेज कुठेच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते तेव्हा अ‍ॅड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा अंगात उसळतो आणि हृदयाच्या स्नायूला बधिर करून टाकतो. ईसीजी बिघडतो, ट्रोपोनिन वाढतं, म्हणून अटॅक वाटतो.

इकोच्या खोलीत माझी बारा वर्षं गेली. असं हृदय पडद्यावर पाहिलं की पोटात कालवतं. वरचा भाग जीव तोडून आवळतोय आणि खालचं टोक फुगून निपचित पडलंय. मेंदूच्या रक्तस्रावात कधी याच्या उलटंही दिसतं. १९९० मध्ये हिरोशिमाच्या हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी टोक फुगलेल्या अशा हृदयाला 'ताकोत्सुबो' म्हटलं. जपानी कोळी ऑक्टोपस धरतात ते अरुंद गळ्याचं, गोल बुडाचं मडकं म्हणजे ताकोत्सुबो. दहातल्या नऊ रुग्ण बायका, त्यातही बहुतेक पाळी गेलेल्या.

पहिले काही दिवस जपायचे. फुप्फुसात पाणी भरू शकतं, ठोके बिघडू शकतात. फुगलेल्या टोकात गुठळी झाली तर आणखी पंचाईत, कारण रक्त पातळ करणारं औषध डोक्यातल्या रक्तस्रावाला घातक. म्हणून मोठ्या डॉक्टरांना विचारताना मेंदूचे आणि हृदयाचे, दोघांनाही एकत्र बोलायला लाव. भीड धरू नकोस. पण सासूबाईंच्या हृदयाचं पंपिंग आज तीस टक्के असलं, तरी बहुतेकांचं ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पूर्ववत होतं, हे मी कितीतरी वेळा डोळ्यांनी पाहिलंय.

आणि जाऊबाई म्हणतात तसं त्या दिवशीच्या भांडणामुळे हे झालं, असं ओझं मनावर घेऊ नकोस. मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा जो फुगा फुटला, तो तिथे आधीपासूनच असणार.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. घरात कुणाचंही डोकं एकाएकी, कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, तर ॲस्पिरिन देऊन वाट पाहत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. पुढच्या इकोची तारीख विचारून फाइलवर लिही. आज रात्री दवाखान्यात मी थांबते, तू घरी जाऊन झोप.