तुटपुंजी मिळकत आणि घराची घडी

मिळकत थोडी आहे म्हणून घर नीटनेटके ठेवता येत नाही, अशी समजूत अनेक कुटुंबांत आढळते. एखादे कपाट घेता आले, डब्यांचा एकसारखा संच आणता आला, आणखी एक खोली मिळाली म्हणजे मग घराची घडी बसेल, असे आपण मनाशी म्हणत राहतो आणि वर्षे निघून जातात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. ज्याच्याकडे पैसा मुबलक आहे त्याला पसारा परवडतो. हरवलेली कात्री तो पुन्हा विकत आणतो आणि विसरून जातो. महिन्याच्या २० तारखेनंतर जिथे खिसा चाचपावा लागतो, त्या घराला मात्र पसारा परवडत नाही. गृहस्थाश्रमात राहून साधना करणाऱ्याने या गोष्टीकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये.

एक प्रयोग करून पाहा. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूला महिनाभर नोंद ठेवा. घरात असूनही सापडली नाही म्हणून कोणती वस्तू पुन्हा आणली? कोणते धान्य किडले, कोणती भाजी नासली? कोणते बिल कागद हरवल्यामुळे मुदतीनंतर भरावे लागले? छत्री, नेलकटर, कंपासपेटीतले कर्कटक, मेणबत्त्या, फोनची वायर, जे असेल ते किमतीसह लिहा. महिनाअखेर बेरीज करा. आकडा लहान असो वा मोठा, तो आपल्या स्वतःच्या घराचा असेल, आणि तो समोर असला की कोणाला कोणावर ठपका ठेवावा लागत नाही.

यानंतर लगेच बाजारात जाऊ नका. सवलतीच्या दरातील प्लास्टिकच्या डब्यांनी आजवर कुठल्याही घराला शिस्त लावलेली नाही. उलट त्या डब्यांनाच जागा शोधावी लागते. आधी काय ठेवायचे आहे ते ठरवावे, मग कशात ठेवायचे ते पाहावे. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात तिथे सगळे घर एकाच दिवशी उपसणे अव्यवहार्य आहे, कारण रात्री मुलांनी झोपायचे कुठे? रोज संध्याकाळी एकच फळी किंवा एकच खण काढावा, पुसावा, लावावा आणि थांबावे.

आवरताना ‘लागेल कधीतरी’ हा शब्द हमखास पुढे येतो. त्याची थट्टा करू नये. कमीत कमी वस्तूंत राहावे, हा उपदेश बहुधा असे लोक करतात ज्यांना टाकलेली वस्तू पुन्हा विकत घेणे सहज शक्य असते. काटकसरीच्या संसारात जुनी कडी, सुतळी, बटणे, पंपाचा वॉशर हे सारे खरोखरच लागते. फक्त त्यांना घरभर पसरू देऊ नये. ‘लागेल’ म्हणून ठेवायच्या वस्तूंसाठी एकच पेटी किंवा एकच गोणी असावी. ती भरली की नवी वस्तू टाकण्यापूर्वी एक जुनी बाहेर निघाली पाहिजे. सुती साड्यांची गोधडी होते, जुन्या बनियनचे फडके होते. देण्याजोगे कपडे धुऊन, शिवून, घडी करून द्यावेत. फाटके कपडे देणे म्हणजे दान नव्हे, ती आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे झाले.

स्वयंपाकघराकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण पैसा तिथेच सर्वांत जास्त जातो. आपल्या पूर्वीच्या घरांत उतरंड होती, शिंके होते, भिंतीत कोनाडे आणि फडताळे होती. जमीन थोडी असली तरी उंची वापरली जाई, मांजर आणि मुंग्या यांचाही विचार त्यात असे. आज भाड्याच्या घरात तसे करता येत नाही. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो आणि घरमालक खिळा ठोकू देत नाहीत. तरी विटांवर फळ्या टाकून मांडणी करता येते. मांडणी भिंतीला टेकवून ठेवावी, दोन थरांहून उंच करू नये आणि जड वस्तू खालच्या फळीवर ठेवाव्यात, घरात लहान मूल असेल तर हे विशेष पाळावे. घर बदलताना फळ्या सोबत नेता येतात.

धान्यासाठी तेलाचे रिकामे १५ लिटरचे पत्र्याचे डबे उत्तम. एका डब्यात साधारण ११ ते १२ किलो गहू मावतो, म्हणजे तीन डब्यांत ३० किलो सुखाने बसतात. डबा सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावा, तेलाचा वास राहू देऊ नये आणि कापलेली कड ठोकून आत दुमडून घ्यावी, नाहीतर हात कापतो. गहू आणि तूरडाळ ऊन दाखवून, गार करून मगच भरावी. एरंडेलाचा हात फिरवणे, तळाशी व वर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे हे जुने उपाय आजही उपयोगी आहेत. पाला ओलसर मात्र नको, त्या ओलीनेच धान्य बिघडते. नवे धान्य आले की जुन्यावर ओतू नये. जुने काढून घ्यावे, नवे खाली भरावे आणि जुने वर ठेवून आधी संपवावे. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून ते आठवड्यापुरतेच दळून आणावे. रवा पावसाळ्यात भाजून ठेवला तर टिकतो.

उन्हाळ्यात वर्षाचे धान्य एकदम भरणे स्वस्त पडते, हे खरे. पण कोरडी जागा नसेल, किंवा त्यासाठी व्याजाने पैसे काढावे लागत असतील, तर ते स्वस्त राहत नाही. अशा घराने दोन महिन्यांचे भरावे आणि त्यात संकोच मानू नये.

कपड्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. प्रत्येकाची एक खुंटी आणि एक खण असावा, ऋतूबाहेरचे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत जावेत. कागदपत्रांविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे.

दासबोधाच्या १९व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अक्षर कसे काढावे एवढे सांगून समर्थ थांबत नाहीत. लेखणी आणि लेखनाच्या इतर साहित्याकडेही त्यांचे लक्ष आहे. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथात साधनांच्या निगेला जागा आहे, हे आपण ध्यानात घ्यावे. आपल्या घरात शिधापत्रिका, आधारकार्डे, जन्मदाखले, विम्याची कागदपत्रे, बँकेची पासबुके, मुलांच्या गुणपत्रिका आणि दवाखान्याचे रिपोर्ट कुठे आहेत? निम्मी कपाटात, काही गादीखाली, काही देवघराच्या खणात, अशी स्थिती असेल तर रात्री दोन वाजता रुग्णालयात जाण्याची वेळ आली की ती उघडी पडते. अनेक सरकारी आरोग्य योजनांत शिधापत्रिका आणि ओळखपत्र मागितले जाते. कागद हाताशी नसेल तर घरचे लोक उसने पैसे काढून भरतात. एक जाड पिशवी, आत प्रत्येक माणसासाठी वेगळे पाकीट, वर यादी, एवढेच पुरे. खर्च ५० रुपयांच्या आत. पिशवी जमिनीपासून उंच, पाणी गळत नाही अशा जागी ठेवावी आणि ती कुठे आहे हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावे.

या शेवटच्या गोष्टीतच खरी अडचण आहे. पुष्कळ घरांत व्यवस्था असते, पण ती एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते. ‘आई, माझे मोजे?’ ‘सूनबाई, माझ्या गोळ्या कुठे गं?’ ‘अगं, गाडीची चावी?’ सकाळी सहापासून रात्रीपर्यंत एकाच बाईने उत्तरे द्यायची. तिची स्मरणशक्ती हेच घराचे कपाट झालेले असते. ती आजारी पडली, माहेरी गेली, की घर थांबते आणि बाहेरचे जेवण, नवी खरेदी, चिडचिड यांवर पैसा जातो. तिच्यावरचे हे ओझे आपण प्रेमाच्या नावाखाली दडवतो. सेवेचे मोल जाणणाऱ्या कुटुंबात तरी असे होऊ नये.

म्हणून जागा ठरवताना सर्वांनी मिळून ठरवाव्यात. मुलांच्या वस्तू मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर असाव्यात, आजींच्या गोळ्या त्यांच्या उशाजवळच्या डबीत. डब्यांवर कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहावे. आजींना वाचता येत नसेल तर डब्यांचा क्रम कधीच बदलू नये. वाणसामानात काय संपत आले आहे ते ज्याच्या लक्षात येईल त्याने दिनदर्शिकेवर लिहावे. जिथून घेतले तिथे ठेवण्याचा नियम घरातील कर्त्या पुरुषालाही लागू असावा, किंबहुना त्याने तो आधी पाळावा. मुले ऐकून शिकत नाहीत, पाहून शिकतात.

तीन-चार आठवड्यांनी, एखाद्या रविवारी सकाळी, घरातील गृहिणीने दोन तास बाहेर जावे. सत्संगाला जावे, मैत्रिणीकडे जावे, नुसते बागेत बसावे. बाकीच्यांनी चहा-पोहे करावेत, भांडी घासावीत आणि तिला फोन करू नये. साखर, हळद, चिमटा, लायटर, जे सापडले नाही ते लिहून ठेवावे. पुढच्या आठवड्यात कोणती फळी पुन्हा लावायची, ते त्या यादीवरूनच ठरेल.