गोडाचा हिशेब

साखर सोडली की गोड सुटले, हा समज खरा नव्हे. गूळ, मध व फळांचा रस यांतील शर्कराही त्याच हिशेबात धरावयाची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा अशी की, ही शर्करा एकूण उष्मांकांच्या दशांशाहून कमी असावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात तो दशांश सुमारे ५० ग्रॅम भरतो.

पुडीबंद खाद्यांत हीच शर्करा नाव पालटून येते : डेक्स्ट्रोज, द्रवरूप ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप. पुडीवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; यांपैकी एखादे नाव आरंभीच दिसल्यास काय ते ओळखावे. कृत्रिम गोडीवर वजन घटविण्यासाठी विसंबू नये, असा सल्ला त्याच संघटनेने २०२३ साली दिला. मधुमेह असलेल्यांनी याबाबत आपल्या डॉक्टरांस विचारावे.

आमच्या वडिलांना मधुमेह जडला, तेव्हा यजमानांघरचा शिरा नाकारावा कसा, हा पेच पडला. आता ते बोटाच्या पेरावर मावेल इतकाच प्रसाद घेतात. प्रसादाचे पुण्य वजनावर नसते. म्हणून यजमानांनीही आग्रह आवरावा, ही आमची विनंती.